नेहमीचं निदान बसत नाही तेव्हा: मुलांमधले दुर्मिळ जनुकीय आजार ओळखायला आरोग्यसेवकांना कसं शिकवायचं

चार वर्षांचा मुलगा. चालायला उशिरा लागला, पळताना मागे पडतो, जिना चढताना कठडा धरतो. कधीतरी ताप आला म्हणून रक्त तपासलं आणि एसजीपीटी, एसजीओटी (यकृत बिघडलं की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) बरेच वाढलेले आले. मग काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या, सोनोग्राफी, यकृताची औषधं, क्वचित सुई घालून यकृताचा तुकडा काढण्यापर्यंतही मजल जाते. हाती काही लागत नाही. लागणार कसं? ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंमध्येही असतात, आणि इथे बिघाड स्नायूंत आहे. त्याच रक्तातून सीपीके, म्हणजे स्नायू मोडल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम, मोजलं असतं तर आकडा हजारांच्या घरात गेला असता. यकृताकडून वाढणारं जीजीटी मात्र नॉर्मल आलं असतं. आजाराचं नाव डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

या मुलाला डॉक्टर भेटले होते, रक्तही तपासलं गेलं होतं. ‘यकृत’ हे उत्तर त्याच्या चालण्याशी जुळत नाही, एवढंच कुणाच्या लक्षात आलं नाही. दुर्मिळ आजार ओळखण्याच्या प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे. युरोपीय संघात दोन हजारांत एकापेक्षा जास्त लोकांना न होणाऱ्या आजाराला दुर्मिळ म्हणतात. असे आजार सहा हजारांहून जास्त आहेत आणि जगभरात सुमारे ३० कोटी लोकांना त्यांतला एखादा आहे. यांतले साधारण ७२ टक्के आजार जनुकीय, आणि त्या जनुकीय आजारांतले सुमारे ७० टक्के बालपणीच सुरू होतात. सहा हजार नावं कुणी पाठ करू शकत नाही. करूही नयेत. ‘काहीतरी जुळत नाही’ हे ओळखणं आणि त्यानंतरचं पहिलं पाऊल बरोबर टाकणं, या दोन गोष्टी मात्र परिचारिकेपासून तज्ज्ञापर्यंत सगळ्यांना शिकवता येतात.

वंचित मुलांमध्ये चूक जास्त का होते

जिथे कुपोषण, क्षयरोग, न्यूमोनिया, हिवताप आणि जन्मताना गुदमरलेली बाळं रोज दिसतात, तिथे दुर्मिळ आजाराला लपायला जागा भरपूर. प्रत्येक दुर्मिळ आजार कुठल्या ना कुठल्या नेहमीच्या आजाराचा मुखवटा घालून येतो. सिस्टिक फायब्रोसिसचं (फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा आजार) मूल कुपोषित किंवा क्षयरोगी वाटतं. गोशे या चयापचयाच्या आजारातली मोठी पाणथरी (प्लीहा) हिवतापाची किंवा काळ्या आजाराची वाटते. एसएमएच्या (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, स्नायू लुळे करत जाणारा आजार) बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे येणारं अपंगत्व) म्हणून व्यायामाला पाठवलं जातं. युरिया सायकलच्या दोषातलं, म्हणजे प्रथिनांतून तयार होणारं अमोनिया शरीराबाहेर टाकता न येणारं, नवजात बाळ जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिकवर राहतं आणि दगावतं. मृत्यूच्या नोंदीत जंतुसंसर्गच लिहिला जातो. पुढच्या बाळंतपणात कुणालाच काही माहीत नसतं.

आणि पहिला अंदाज नेहमीच्या आजाराचा बांधणं यात चूक काहीच नाही. शंभरांत नव्व्याण्णव वेळा तोच खरा ठरतो. प्रशिक्षणातून ही सवय मोडायला गेलं तर नुकसानच होईल. चूक होते ती तिसऱ्या, चौथ्या भेटीत. औषध लागू पडलेलं नसतं, पण दर वेळी समोर नवा माणूस असतो, जुने कागद नसतात, आणि तेच निदान पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

म्हणून शिकवायची पहिली सवय अशी: निदानाला मुदत घालायची. ‘कुपोषण’ लिहिलं की त्यापुढे लिहायचं, ‘चार आठवडे नीट आहार, वजन न वाढल्यास फेरविचार.’ ‘क्षयरोग’ लिहिलं की उपचाराच्या दोन महिन्यांनी काय दिसायला हवं ते लिहायचं. मूल भुकेलं आहे, भरपूर खातं, तरी बाळसं धरत नाही आणि शौच तेलकट, दुर्गंधी आहे, तर कुपोषणाची मुदत संपली. आईला ‘पापा घेताना खारट लागतं का?’ असं विचारायचं आणि घामातल्या क्लोराइडच्या तपासणीला पाठवायचं. ६० मिलिमोल प्रतिलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता पक्की होते. ३० ते ५९ मध्ये आलं तर जनुकीय तपासणी लागते.

कोणत्या खुणा शिकवायच्या

एका बैठकीत पाच-सहा खुणांच्या पलीकडे जाऊ नये. कोणत्या निवडायच्या याला एक कसोटी लावावी: लवकर ओळखल्याने मुलाचं खरंच काही बदलतं का?

सगळ्यांत वरची खूण, आलेलं कौशल्य जाणं. उशीर होणं वेगळं आणि आलेलं हरपणं वेगळं. चार महिन्यांपर्यंत मान धरत नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही, हा उशीर. त्याला अनेक कारणं असतात आणि तपासणी थोडी थांबू शकते. पण बसणारं मूल आता कलंडतं, बोलणारं मूल शब्द विसरतं, तर वय काहीही असो, पाठवायचंच. विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘विकास बरा आहे ना?’ या प्रश्नाला बहुतेक आया ‘हो’ म्हणतात. ‘पूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काही आहे का?’ असं विचारलं की आई थांबते, आठवते, आणि मग सांगते.

दुसरी खूण नवजात बाळाची, आणि इथे घड्याळ दिवसांत नाही, तासांत चालतं. बाळ जन्मताना छान होतं, पहिले एक-दोन दिवस दूध ओढलं, मग मलूल झालं, उलट्या, झटके, धाप. छाती मात्र स्वच्छ. आईच्या पोटात असताना बाळाच्या शरीरातला नको असलेला कचरा वार उपसत असते. जन्मानंतर दूध सुरू होतं, प्रथिनं पचायला लागतात आणि बिघडलेल्या रसायनांचा साठा वाढत जातो. मधले एक-दोन चांगले दिवस म्हणूनच मोलाचे: जंतुसंसर्गाचा धोका नसलेल्या बाळात ते दिसले तर चयापचयाच्या आजाराचा विचार हवाच. अँटिबायोटिक थांबवायचं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात; गॅलॅक्टोसिमियाच्या (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा आजार) बाळांना ई. कोलायचा जंतुसंसर्ग होण्याची प्रवृत्तीच असते.

या बाळाचं अमोनिया मोजायचं. नमुना बिघडण्याचं प्रमाण या तपासणीत इतकं आहे की तेवढ्यासाठी प्रशिक्षणात स्वतंत्र अर्धा तास ठेवावा. रक्त शिरेतून सहज वाहतं घ्यायचं, फार वेळ पट्टा आवळून धरायचा नाही, टाच पिळायची नाही. नळी लगेच बर्फात, आणि १५ ते ३० मिनिटांत प्रयोगशाळेत त्यातला प्लाझ्मा पेशींपासून वेगळा व्हायला हवा. उशीर झाला किंवा रक्तपेशी फुटल्या की आकडा खोटा वाढतो. नवजात बाळात १५० ते २०० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या वरचा आकडा दुसऱ्या नमुन्याने लगेच पडताळायचा, पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. दूध आणि प्रथिनं थांबवायची, १० टक्के डेक्स्ट्रोज क्षारांसह शिरेतून द्यायचं. दिवसाला किलोमागे १२० मिलि या वेगाने दिलं की मिनिटाला किलोमागे ८ मि.ग्रॅ.च्या थोडी वर साखर जाते, आणि शरीर स्वतःची प्रथिनं जाळायचं थांबतं. प्रथिनं २४ ते ४८ तासांच्या पुढे बंद ठेवायची नाहीत. नाहीतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं आणि अमोनिया पुन्हा चढतं. एवढं करून, वाहन निघायच्या आधी, मोठ्या केंद्राला फोन.

याच वयातली आणखी एक अडचण. एक ते तीन आठवड्यांचं बाळ, उलट्या, वजन घटतंय, रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. हा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष असू शकतो. मुलींमध्ये बाह्य जननेंद्रियं वेगळी दिसतात म्हणून संशय येतो. मुलगे मात्र दिसायला अगदी नॉर्मल, आणि म्हणूनच त्यांचं निदान चुकतं. जननेंद्रिय मुलासारखं दिसतं पण दोन्ही वृषणं हाताला लागत नाहीत, तर ती मुलगी असू शकते, हेही शिकवावं. अशा आणीबाणीत सलाइनसोबत हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूत. तीन वर्षांखालच्या बाळाला २५ मि.ग्रॅ.

लोळागोळा बाळाकडे वळू. प्रश्न एकच: गुडघ्याचा झटका, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर येणारा प्रतिक्षेप, आहे की नाही? अंग सैल पण प्रतिक्षेप जोरात असेल तर बिघाड बहुधा मेंदूत. प्रतिक्षेप नाहीतच, पाय बेडकासारखे फाकलेले, श्वास घेताना छाती आत आणि पोट वर, जिभेवर बारीक थरथर, आणि या सगळ्यात चेहरा मात्र तल्लख, डोळे पाहुण्याच्या मागे फिरणारे, तर एसएमए. दहा हजार जन्मांत साधारण एक. मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी, एकदा गेले की परत येत नाहीत. उपचार आता आहेत (न्युसिनर्सेन २०१६ मध्ये, जनुकोपचार २०१९ मध्ये, तोंडाने घ्यायचं रिस्डिप्लाम २०२० मध्ये मंजूर झालं), पण ते उरलेले न्यूरॉन वाचवतात. सेरेब्रल पाल्सी म्हणून सहा महिने व्यायामात गेले तर वाचवायला थोडेच उरतात. म्हणून फिजिओथेरपिस्टना हे प्रशिक्षण डॉक्टरांच्या आधी द्यावं असं आमचं मत आहे. सैल बाळ सगळ्यांत जास्त वेळ त्यांच्याच हाताखाली असतं.

थोड्या मोठ्या मुलांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या तक्रारींची गर्दी ही खूण. सारखा कान वाहतो, हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, टॉन्सिल काढले, बोटं पूर्ण उघडत नाहीत पण सांध्याला सूज-लाली नाही, पोट मोठं, चेहरा हळूहळू भरड होतोय. कान एकाने पाहिला, हर्निया दुसऱ्याने, हाडं तिसऱ्याने. सगळं एका ओळीत लिहिलं की म्युकोपॉलिसॅकरिडोसिस, म्हणजे एमपीएस, समोर उभा राहतो. लघवीतले ग्लायकोसअमिनोग्लायकॅन, म्हणजे या आजारात साठणाऱ्या लांब साखरसाखळ्या, मोजायचे आणि एन्झाइमची तपासणी करायची. शिकवताना एक सावधगिरी जरूर सांगावी: संशय असेल तर भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला सांगायचं. या मुलांचा श्वासमार्ग अवघड असतो आणि मानेचे मणके अस्थिर असू शकतात. साध्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत जीव जाऊ शकतो.

स्वस्तात बऱ्या होणाऱ्या गोष्टींना प्रशिक्षणात जास्त जागा द्यावी. औषधांना दाद न देणारे झटके, विरळ केस, तोंडाभोवती पुरळ: बायोटिनिडेजची (बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देणारं एन्झाइम) कमतरता. दिवसाला ५ ते १० मि.ग्रॅ. बायोटिन, आयुष्यभर. उशीर केला तर गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. नवजात बाळाचे थांबत नसलेले झटके: पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, १०० मि.ग्रॅ. शिरेतून देऊन पाहायचं. पण श्वास थांबू शकतो, म्हणून अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात घेऊनच.

आणि शेवटी, जवळपास प्रत्येक ठिकाणी होणाऱ्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लपलेली खूण. पांढऱ्या पेशी ६०००, लिम्फोसाइट २० टक्के. छापील कागदावर बाळासाठी धोक्याची खूण नसते, कारण मर्यादा बहुधा मोठ्या माणसांच्या छापलेल्या असतात. गुणाकार करायचा: ६००० च्या २० टक्के म्हणजे १२००. वर्षाच्या आतल्या बाळात ३००० च्या खाली आलं तर पुन्हा मोजायचं आणि पुन्हा कमीच आलं तर पाठवायचं. तोंडातली बरी न होणारी बुरशी, लांबलेला जुलाब, वारंवार न्यूमोनिया सोबत असेल तर तीव्र प्रतिकारशक्तीदोषाचा, म्हणजे एससीआयडीचा, संशय धरून बीसीजी, रोटाव्हायरस, तोंडाने द्यायची पोलिओ यांसारख्या जिवंत लसी तज्ज्ञांचा निर्णय येईपर्यंत थांबवायच्या. बीसीजी दिली गेली असेल आणि त्या जागी जखम चिघळत असेल, काखेतल्या गाठी वाढत असतील, तर तीही खूणच.

चेहरे, आणि पुस्तकातले चेहरे

जनुकीय आजारांत चेहऱ्याची ठेवण अनेकदा मदत करते. अडचण अशी की पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रं बहुतांशी युरोपीय वंशाच्या मुलांची. चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणालींचंही तेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच एका प्रणालीने बेल्जियमच्या मुलांमधला डाउन सिंड्रोम ८० टक्के वेळा ओळखला, काँगोच्या मुलांमधला मात्र सुमारे ३७ टक्केच. तिला आफ्रिकी मुलांची छायाचित्रं दाखवून पुन्हा शिकवल्यावर हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं. डोळा माणसाचा असो की यंत्राचा, पाहिलेलंच तो ओळखतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जनुक संशोधन संस्थेने २०१६ मध्ये वेगवेगळ्या वंशांच्या मुलांच्या छायाचित्रांचा मोफत संग्रह सुरू केला तो याच कारणाने. शिकवताना तो वापरावा.

त्याहून साधा नियम: ‘वेगळा दिसतो’ असं लिहायचं नाही, मोजायचं. डोक्याचा घेर, दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतलं अंतर, उंची, हातांची लांबी. मग आईवडिलांकडे पाहायचं. नाकाची ती ठेवण घराण्याची असू शकते. आणि ‘विचित्र दिसणारं मूल’ असे शब्द केसपेपरवर कधीही नाहीत. कागद कुटुंबाच्या हातात जातो.

वंशावळ काढणं

तीन पिढ्यांची वंशावळ दहा मिनिटांत कागदावर येते. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी व्यक्तीचं चिन्ह भरून काढायचं, मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ, नात्यात लग्न असेल तर नवराबायकोमध्ये दुहेरी रेघ. नवशिके चुकतात ते गेलेल्या बाळांपाशी. ‘किती मुलं?’ याला जिवंत मुलांचं उत्तर मिळतं. ‘किती वेळा दिवस गेले, आणि प्रत्येक वेळी काय झालं?’ असं विचारलं की गर्भपात, मृत जन्मलेलं बाळ, आठव्या दिवशी गेलेला मुलगा, हे सगळं बाहेर येतं. आईच्या भावांबद्दल वेगळं विचारायचं. एक्स गुणसूत्रावरचे आजार, डुशेन, हिमोफिलिया, त्या बाजूने येतात.

दोन गैरसमज मुळापासून काढावे लागतात. ‘घरात कुणालाच नाही, म्हणजे जनुकीय नाही’ हा पहिला. दोन्ही पालक निरोगी वाहक (सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे, पण स्वतः आजारी नसलेले) असतील तर आजार कुठेही न दिसता पिढ्या जातात आणि मग प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. डुशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत तर बदल नव्यानेच झालेला असतो. दुसरा गैरसमज, २५ टक्के म्हणजे ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली.’ प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. हे शब्दांत सांगून कळत नाही. चार चिठ्ठ्या घडी करून द्याव्यात, एक उचलायला सांगावी, परत ठेवावी, पुन्हा उचलायला सांगावी. याच वेळी, दोष आईचा नाही, हे वडिलांच्या आणि सासरच्या माणसांसमोर मोठ्याने सांगायचं असतं. वाहक असणं ही कुणाची करणी नसते.

रक्ताचे ठिपके

रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिल्टर पेपरवर वाळवलेल्या रक्तातून फिनाइलकीटोन्यूरिया (प्रथिनांतला एक घटक न पचण्याचा जन्मजात आजार) शोधण्याची पद्धत रूढ केली. तोच कागद आज दूरच्या बाळांसाठी सगळ्यांत उपयोगी वस्तू आहे: थंड पेटी लागत नाही, टपालाने जातो, आणि अनेक आजारांची एन्झाइम तपासणीही त्यावर होते. पण प्रयोगशाळेत पोहोचलेली कार्डं बाद होतात ती बहुधा घेण्याच्या पद्धतीमुळे.

बाळ ४८ ते ७२ तासांचं असताना नमुना उत्तम. टाच कोमट ओल्या फडक्याने तीन ते पाच मिनिटं शेकायची. टोचायचं ते टाचेच्या बाजूच्या कडेला, मधोमध कधीच नाही. तिथे हाड जवळ असतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. मग मोठा थेंब तयार होऊ द्यायचा आणि कागद त्याला एकदाच टेकवायचा, एकाच बाजूने. वर्तुळ भरून रक्त पलीकडे दिसलं पाहिजे. वर्तुळ अर्धं राहिलं म्हणून त्यावरच दुसरा थेंब टाकला तर थर साचतो आणि आकडा खोटा जास्त येतो. टाच पिळली तर ऊतींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. कार्ड आडवं, उन्हापासून दूर, तीन ते चार तास वाळवायचं, मगच पाकिटात. ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं की नमुना गेला. बाळाला रक्त चढवायचं असेल तर कार्ड आधी घ्यायचं. दुसऱ्याच्या पेशींमुळे गॅलॅक्टोसिमियाचं एन्झाइम खोटं नॉर्मल येतं.

हे चित्रफीत दाखवून येत नाही. प्रत्येकाने स्वतः पाच कार्डं भरावीत आणि बाद झालेली कार्डं शेजारी ठेवून फरक पाहावा.

प्रशिक्षणाची रचना

दिवसभराचं व्याख्यान, साठ आजार, दोनशे स्लाइड. दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. सहा महिन्यांनी काहीच उरत नाही. जे आयुष्यात दोनदा दिसणार ते लक्षात कसं राहणार?

टिकतं ते छोटं आणि पुन्हा पुन्हा येणारं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपटायटिस-सीसाठी ‘इको’ प्रकल्प सुरू केला. दूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर ठरावीक वेळी व्हिडिओवर तज्ज्ञांशी जोडले जातात, आपला रुग्ण मांडतात आणि सगळे मिळून त्यावर बोलतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिथल्या रुग्णांचा बरं होण्याचा दर विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकाच निघाला. दुर्मिळ आजारांना हा साचा आणखीच लागू पडतो: एकाला दिसलेलं मूल वीस जणांना पाहायला मिळतं. पंधरवड्यातून एक तास, दोन रुग्ण, आणि त्यांतला एक असा की ज्याचं निदान अखेर नेहमीचंच निघालं. तो दुसरा हवाच, नाहीतर लोकांना प्रत्येक मुलात गोशे दिसू लागतो.

हा धोका आकड्यांत दाखवावा. समजा आजार दहा हजारांत एकाला आहे. एखादी खूण ९० टक्के आजारी मुलांत दिसते, पण ५ टक्के निरोगी मुलांतही दिसते. दहा हजार मुलं तपासली तर खूण असलेली सुमारे ५०१ मुलं निघतील. त्यांत खरं आजारी एखादंच. बाकी पाचशे कुटुंबांना विनाकारण प्रवास, खर्च आणि झोपेचं खोबरं. तेवढीच नेमकी दुसरी स्वतंत्र खूण जोडली की पाचशेचे पंचवीस होतात. म्हणून ‘एक खूण दिसली, लक्ष ठेवा, दोन जुळल्या, पाठवा.’ याला अपवाद दोनच: हरपलेलं कौशल्य आणि मलूल नवजात बाळ. तिथे एकच पुरे.

सगळ्यांना तेच शिकवू नये. घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेला तीन प्रश्न पुरतात: आधी येत होतं ते गेलं का, या घरात आणखी बाळं गेली का, आणि औषध घेऊनही तेच दुखणं परत परत येतं का. प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला कार्ड आणि नवजात बाळाची खूण. लसीकरण करणाऱ्याला बीसीजीची जागा. शाळेतल्या शिक्षकांना जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर येणारा मुलगा (डुशेनची खूण). दहा सेकंदांची चित्रफीत पुरते.

पाठवताना

‘उच्च केंद्राकडे पाठवत आहे, पुढील उपचारांसाठी’ ही चिठ्ठी निरुपयोगी. चिठ्ठीत हवं: काय जुळत नाही ते एका वाक्यात, वंशावळ, वजन-उंची-डोक्याच्या घेराचे तारखांसह सगळे आकडे, आधीच्या तपासण्यांच्या प्रती, आणि कुणाला फोन करून सांगितलं ते. शक्य असेल तिथे नमुना पाठवावा, मूल नाही. कार्ड प्रवास करू शकतं, रोजंदारीवरच्या आईला एक दिवसही जड जातो. साखर एकदम खाली गेलेलं मूल आलं तर ग्लुकोज देण्याआधी तीन ते पाच मिलि रक्त आणि त्यानंतरची पहिली लघवी राखून ठेवायची. साखर नॉर्मल झाल्यावर पुरावा पुसला जातो. पण शिरेत सुई जात नसेल तर नमुन्यापायी एक मिनिटही घालवायचं नाही.

अहवाल आल्यावर नवा गोंधळ होतो तो ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ या शेऱ्याने. जनुकांच्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचं प्रमाण फार मोठं असल्याने इतरांच्या अहवालांत हा शेरा जास्त वेळा येतो. त्याचा अर्थ आजार आहे असा नाही, नाही असाही नाही. त्यावरून उपचार किंवा गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नसतो. पालकांचे नमुने तपासायचे असतात आणि काही काळाने तोच अहवाल पुन्हा वाचून घ्यायचा असतो. कुटुंबाशी बोलताना दुभाषा लागत असेल तर तो बाहेरचा हवा. आजारी मुलाच्या दहा वर्षांच्या बहिणीकडून हे भाषांतर करून घेऊ नये.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे आधी आणि नंतरच्या लेखी परीक्षेने कळत नाही. चार गोष्टी मोजाव्यात: पहिल्या तक्रारीपासून पहिल्या संशयापर्यंत किती महिने गेले, पाठवलेल्या मुलांपैकी किती खरोखर पोहोचली, किती कार्डं बाद झाली, आणि पाठवणाऱ्याला उत्तर परत मिळालं का. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त राहून जाते. परिचारिकेने पाठवलेल्या बाळाचं पुढे काय झालं हे तिला कुणी कळवलं नाही, तर पुढचं बाळ ती कशाच्या जोरावर पाठवणार? निदान ‘काही नाही, नेहमीचाच जंतुसंसर्ग होता’ असं निघालं तरी तिला दोन ओळी कळवाव्यात, आणि पाठवलं ते बरोबर केलं हेही त्यात लिहावं.